केळकर संग्रहालयात कसे जावे? मेट्रो, बस, सायकल आणि शेवटचा अर्धा किलोमीटर

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे महाराष्ट्रातील सर्वांत वेगळ्या संग्रहालयांपैकी एक आहे. अडकित्ते, दिवे, कुलपे, पानाचे डबे, कुंकवाच्या डब्या, पाय घासायच्या वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातील वस्तू येथे पाहायला मिळतात. तरीही ‘एकदा जायचे आहे’ असे वर्षानुवर्षे म्हणणारे आणि प्रत्यक्ष न गेलेले लोक खुद्द पुण्यातही खूप आहेत. त्याचे एक साधे कारण म्हणजे ‘तिथे गाडी लावायला जागा नाही.’

ही अडचण खरी आहे, पण ती फक्त गाडी घेऊन जाणाऱ्याची आहे. संग्रहालय जुन्या पुण्याच्या अगदी मध्यभागी आहे. मेट्रो, शहर बस, एसटी आणि रेल्वे यांपैकी कशानेही आलेला माणूस त्याच्या जवळपास पोहोचतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी स्थानक सुरू झाल्यापासून तर हे संग्रहालय मेट्रोपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर आले आहे.

संग्रहालय नेमके कुठे आहे?

बाजीराव रस्त्यालगत नातूबाग परिसरात ‘कमल कुंज’ या इमारतीत हे संग्रहालय आहे. स्वारगेट आणि शनिवारवाडा यांना जोडणारे दोन मोठे रस्ते जुन्या पुण्यातून जवळपास समांतर जातात. पश्चिमेचा बाजीराव रस्ता आणि पूर्वेचा शिवाजी रस्ता. संग्रहालय या दोन रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, बाजीराव रस्त्याच्या बाजूला आहे. बाजीराव रस्ता ओलांडून पश्चिमेला गेले की सदाशिव पेठ लागते.

पत्ता विचारताना दोन गोंधळ नेहमी होतात. पहिला नावाचा. पुण्यात ‘केळकर रस्ता’ आहे, पण संग्रहालय त्या रस्त्यावर नाही. तो रस्ता साहित्यिक आणि ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांच्या नावाचा असून तो नारायण पेठेच्या बाजूला आहे. संग्रहालय उभारणारे दिनकर गंगाधर केळकर हे वेगळे. रिक्षात बसून नुसते ‘केळकर’ म्हटले तर भलत्याच पेठेत उतरण्याची शक्यता असते. त्यामुळे ‘बाजीराव रस्ता, नातूबाग, केळकर म्युझियम’ असे पूर्ण सांगावे.

दुसरा गोंधळ ‘राजा’ या शब्दाचा. हे कुण्या संस्थानिकाचे संग्रहालय नाही. राजा हे केळकरांच्या लहान वयात वारलेल्या मुलाचे नाव. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला ते दिले गेले.

संग्रहालयाची थोडक्यात ओळख

दिनकर केळकर यांचा जन्म १८९६चा. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. घरोघरी, बाजारांत आणि देशाच्या निरनिराळ्या भागांत फिरून त्यांनी हा संग्रह वाढवत नेला. १९६२ मध्ये त्याचे रीतसर संग्रहालय झाले आणि १९७५ मध्ये केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. इमारत तीन मजली आणि जागा मर्यादित असल्याने त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडलेल्या आहेत. कोथरूडमधील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून येथे उभारलेले ‘मस्तानी महाल’ हे दालन विशेष प्रसिद्ध आहे. सावकाश पाहायचे तर दोन तास सहज लागतात. प्रवासाची आखणी करताना हे लक्षात ठेवावे. गाडीच्या काळजीने घड्याळाकडे पाहत केलेली अर्ध्या तासाची फेरी येथे पुरत नाही.

मेट्रोने कसे जावे?

पुणे मेट्रोच्या दोन मार्गिका सुरू आहेत. पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट ही जांभळी मार्गिका आणि वनाज ते रामवाडी ही निळसर, म्हणजे ‘अ‍ॅक्वा’ मार्गिका. संग्रहालयासाठी उतरायचे स्थानक मंडई. ते जांभळ्या मार्गिकेवर, स्वारगेटच्या आधी एक स्थानक आहे.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा शेवटचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. त्यावर कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट अशी तीन स्थानके आहेत. जिल्हा न्यायालय आणि कसबा पेठ यांच्या दरम्यान गाडी मुठा नदीच्या पात्राखालून जाते.

पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी किंवा शिवाजीनगरहून येणाऱ्यांना गाडी बदलावी लागत नाही. स्वारगेटची गाडी पकडून थेट मंडईला उतरावे.

कोथरूड, डेक्कन, पुणे रेल्वे स्थानक, येरवडा, कल्याणीनगर किंवा रामवाडीहून येणाऱ्यांना जिल्हा न्यायालय स्थानकात मार्गिका बदलावी लागते. यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा. कारण अ‍ॅक्वा मार्गिकेचा फलाट उन्नत आहे, म्हणजे रस्त्याच्या वर पुलावर, तर जांभळ्या मार्गिकेचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. एकामागून एक सरकते जिने उतरत खाली जावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांनी, लहान मुले किंवा सामान बरोबर असलेल्यांनी लिफ्ट वापरावी. वर-खाली करायचेच नसेल तर कोथरूड-डेक्कनच्या बाजूने येणाऱ्यांना डेक्कनला उतरून रिक्षा करणे हा पर्याय आहे.

मंडई स्थानकातून बाहेर आल्यावर समोर महात्मा फुले मंडईचा परिसर येतो. मंडईची दगडी इमारत १८८६ची. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती आधी ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे मत होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले.

येथून पश्चिमेकडे चालत गेले की बाजीराव रस्ता लागतो. त्यावर स्वारगेटच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे वळावे. संग्रहालयाकडे जाणारी वाट डाव्या अंगाला येते. रमतगमत चालले तरी साधारण दहा मिनिटांचे अंतर आहे. रस्ता चुकल्यासारखे वाटले तर कोणत्याही दुकानदाराला विचारावे, पत्ता सांगायला येथे कुणी आढेवेढे घेत नाही.

मेट्रोचे किमान तिकीट १० रुपये आहे. सकाळी ६ ते रात्री ११ या वेळेत गाड्या धावतात, त्यामुळे संग्रहालय बंद झाल्यानंतर मंडई-तुळशीबागेत रेंगाळूनही परतता येते.

बसने जाताना दोन थांबे का लक्षात ठेवावेत?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या स्वतंत्र बससेवा २००७ मध्ये एकत्र करून ‘पीएमपीएमएल’ ही संस्था स्थापन झाली. लोकांच्या तोंडी ती आजही ‘पीएमटी’च आहे. मेट्रो नसलेल्या भागांतून, उदाहरणार्थ कात्रज, धनकवडी, सिंहगड रस्ता किंवा हडपसरहून संग्रहालयाकडे यायचे तर बसच सोयीची.

येथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचे सारे सोपे होते. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता हे दोन्ही एकेरी आहेत. बाजीराव रस्त्यावरची वाहने स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे जातात, तर शिवाजी रस्त्यावरची शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे. म्हणजे ज्या थांब्यावर उतरलो, त्याच्या समोरच्या बाजूला परतीची बस कधीच मिळत नाही. ती मिळते शेजारच्या रस्त्यावर. नवख्या माणसाची फजिती होते ती इथेच.

उत्तरेकडून, म्हणजे शिवाजीनगर किंवा महापालिका भवनाकडून स्वारगेटला जाणारी बस शिवाजी रस्त्याने येते. मंडईच्या थांब्यावर उतरून बाजीराव रस्त्याच्या दिशेने पायी यावे. कंडक्टरला ‘केळकर म्युझियम’ म्हणून आधीच सांगून ठेवावे.

दक्षिणेकडून, म्हणजे कात्रज, धनकवडी किंवा स्वारगेटहून शनिपारकडे जाणारी बस बाजीराव रस्त्याने येते. शनिपारच्या आधी, नातूबागेच्या आसपासच्या थांब्यावर उतरावे.

दोन्ही रस्ते एकेरी असल्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बस कोणत्याही रस्त्याने आली तरी संग्रहालय प्रवाशाच्या उजव्या हाताला असते आणि बस मात्र डाव्या कडेला थांबते. त्यामुळे येताना वाहता रस्ता जपून ओलांडावा लागतो. परतताना उत्तरेला जायचे असेल तर बाजीराव रस्त्यावर आणि दक्षिणेला जायचे असेल तर शिवाजी रस्त्यावर बस पकडायची, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

पेठांमधले रस्ते अरुंद असल्याने मोठी बस येथे संथ चालते. त्यावर उपाय म्हणून २०२१ मध्ये ‘पुण्यदशम’ नावाच्या छोट्या बस मध्यवर्ती भागात सुरू करण्यात आल्या होत्या. दहा रुपयांत दिवसभर प्रवास, अशी ती योजना होती. आपल्या मार्गावरची बस कुठवर आली आहे हे पाहण्यासाठी आणि तिकीट काढण्यासाठी ‘आपली पीएमपीएमएल’ हे अ‍ॅप उपयोगी पडते. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत बाजीराव रस्त्यावरील बस चालणाऱ्या माणसापेक्षा फार वेगाने जात नाही. त्या वेळी मंडई स्थानकापर्यंत पायी जाऊन मेट्रो पकडणे शहाणपणाचे.

बाहेरगावचे एका दिवसात बरेच काही पाहू इच्छिणारे पर्यटक पीएमपीएमएलच्या ‘पुणे दर्शन’ बसचाही विचार करतात. पुण्याची तोंडओळख करून घेण्यासाठी ती ठीक आहे. पण ठरावीक वेळात अनेक ठिकाणे उरकायची असल्याने केळकर संग्रहालयासाठी मिळणारा वेळ कमी पडतो. संग्रहालय हाच मुख्य हेतू असेल तर स्वतंत्रपणे जावे.

मुंबई आणि इतर गावांहून येणाऱ्यांसाठी

मुंबईहून सकाळी येऊन संग्रहालय पाहून रात्री परतणे सहज शक्य आहे. फक्त गाडी योग्य निवडावी लागते. डेक्कन क्वीन, सिंहगड आणि प्रगती या गाड्यांच्या वेळा पुण्याहून सकाळी मुंबईला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत. मुंबईकराला उलट दिशा हवी असते. त्याच्यासाठी इंद्रायणी आणि इंटरसिटी या सकाळी मुंबईहून सुटून संध्याकाळी पुण्याहून परतणाऱ्या गाड्या योग्य ठरतात.

पुणे स्थानकात उतरल्यास लगतच्या मेट्रो स्थानकातून जिल्हा न्यायालयापर्यंत जावे आणि तेथे गाडी बदलून मंडईला यावे. लोणावळा-तळेगावच्या बाजूने लोकलने येणाऱ्यांनी पुण्यापर्यंत न जाता शिवाजीनगरला उतरावे. तेथून जांभळी मार्गिका मिळते आणि जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई अशी तिसऱ्या स्थानकावर उतरण्याची सोय होते. मध्ये कुठेही गाडी बदलावी लागत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडून एसटीने येणारे बहुतेक प्रवासी स्वारगेटला उतरतात. बसस्थानकाजवळच स्वारगेट मेट्रो स्थानक आहे आणि मंडई तेथून पुढचेच स्थानक. सामान हलके असेल तर स्वारगेटहून पायीही जाता येते. साधारण वीस मिनिटे धरावीत. नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी एक बदल ध्यानात ठेवावा. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचे एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवण्यात आले. ‘शिवाजीनगर’ असे तिकीट असले तरी बस वाकडेवाडीला थांबते आणि शिवाजीनगर मेट्रो स्थानकापर्यंत रिक्षाने किंवा शहर बसने यावे लागते.

सायकलने जाता येईल का?

येईल. आणि जुन्या पुण्यात काही अंतरांसाठी सायकल मोटारीपेक्षा लवकर पोहोचते. पेठांचा भाग जवळपास सपाट आहे, अंतरे छोटी आहेत आणि वाहनांचा वेग मुळातच कमी आहे. कोथरूड, डेक्कन, पर्वती, बिबवेवाडी, शिवाजीनगर येथून येणाऱ्याला गिअरच्या सायकलीचीही गरज नाही.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत जाणारे लोक सायकलनेच जात. गल्लोगल्ली तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने होती. मग स्कूटर आणि मोटारसायकली आल्या, शहर डोंगरांपर्यंत पसरले आणि सायकल मागे पडली. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले. २००६ मध्ये सुरू झालेल्या कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीबरोबर सायकल मार्ग आखण्यात आले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या. काही महिने त्या सर्वत्र दिसल्या, नंतर दिसेनाशा झाल्या. सायकल मार्गांपैकी बऱ्याच ठिकाणी आज दुचाकी उभ्या असतात, टपऱ्या असतात किंवा मार्गच मध्येच संपतो. संग्रहालयाच्या दारापर्यंत सलग सायकल मार्ग नाही, हे गृहीत धरूनच निघावे.

सायकलस्वाराने पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट दिशेची. ‘प्रवेश बंद’ची पाटी सायकललाही लागू असते. बाजीराव रस्ता उत्तरेकडे वाहणारा असल्याने शनिपारकडून थेट उलटे खाली येता येत नाही. उत्तरेकडून येणाऱ्याने शिवाजी रस्त्याने खाली येऊन मधल्या गल्लीने आत वळावे. स्वारगेट किंवा टिळक रस्त्याच्या बाजूने येणाऱ्याने बाजीराव रस्त्याने वर यावे. शेवटचे शंभर-दोनशे मीटर उलट दिशेने असतील तर सरळ उतरून सायकल हातात धरून चालावे. सायकल ढकलणारा माणूस हा पादचारीच.

दुसरी गोष्ट नदी ओलांडण्याची. डेक्कनच्या बाजूने येणाऱ्यांना झेड पूल सोयीचा. तो दुचाकींसाठीच असल्याने बस-मोटारींचा त्रास नसतो.

तिसरी गोष्ट वेळेची. रविवारी सकाळी पेठांमधले रस्ते तुलनेने मोकळे असतात. संग्रहालय उघडण्याच्या सुमारास पोहोचेल असे निघावे आणि दुपारी बाजाराची गर्दी वाढण्यापूर्वी परतावे. संध्याकाळी, विशेषतः दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात, तुळशीबाग-लक्ष्मी रस्ता परिसरात सायकल चालवण्यापेक्षा ती घरी ठेवलेली बरी.

चौथी गोष्ट कुलपाची. चांगली साखळी आणि कुलूप बरोबर न्यावे. आवारात सायकल कुठे ठेवायची हे दाराशी विचारून घ्यावे. गल्लीत लावायची तर कुणाच्या दुकानाचा किंवा वाड्याचा दरवाजा अडणार नाही असे पाहावे.

लांबून येणाऱ्यांसाठी सायकल आणि मेट्रो असा मिलाफही शक्य आहे. पुणे मेट्रोने डब्यात सायकल नेण्यास परवानगी दिली आहे. पिंपरी-चिंचवडहून येणारा माणूस घरापासून स्थानकापर्यंत सायकलने, पुढे मेट्रोने आणि मंडईपासून पुन्हा सायकलने येऊ शकतो. अर्थात कचेरीच्या वेळेत भरलेल्या डब्यात पूर्ण आकाराची सायकल घुसवणे सहप्रवाशांवर अन्याय ठरेल. सुट्टीचा दिवस किंवा दुपारची वेळ निवडावी. घडीची सायकल असेल तर प्रश्नच नाही.

शेवटचा अर्धा किलोमीटर

संग्रहालयापर्यंतच्या प्रवासातला सर्वांत कठीण भाग शेवटचा आहे. मेट्रोचे स्थानक लिफ्ट, सरकते जिने आणि दिशादर्शक फलकांनी सज्ज असते. बाहेर पाऊल टाकले की पदपथ कधी दुकानाच्या पायऱ्यांनी, कधी पथाऱ्यांनी, कधी उभ्या दुचाकींनी अडलेला असतो. धडधाकट माणूस त्यातून वाट काढतो. काठी टेकत चालणारी आजी, चाकाच्या खुर्चीवरील माणूस किंवा बाळाची गाडी ढकलणारी आई यांच्यासाठी हाच अर्धा किलोमीटर शहराच्या दुसऱ्या टोकापासूनच्या प्रवासापेक्षा अवघड ठरतो.

ज्येष्ठांना घेऊन जाताना मंडईपासून रिक्षा करावी. अंतर किमान भाड्याच्या आतले असल्याने काही रिक्षावाले नाखूश असतात. तरीही मीटरनेच जाण्याचा आग्रह धरावा. संग्रहालय तीन मजली असून पाहण्यासारखे बरेच काही वरच्या मजल्यांवर आहे. त्यामुळे जिने चढणे कितपत शक्य आहे याचा विचार निघण्यापूर्वीच केलेला बरा.

शाळांच्या सहलींसाठीही हा विचार महत्त्वाचा आहे. मोठी स्कूलबस बाजीराव रस्त्यावर उभी राहू शकत नाही. मुलांना घाईने उतरवून बस लांब कुठेतरी न्यावी लागते आणि परत बोलावताना वाहतूक खोळंबते. मुलांचा छोटा गट असेल तर मेट्रोने मंडईपर्यंत आणणे सोपे पडते. नदीखालून जाणारी गाडी हा मुलांसाठी सहलीचाच एक भाग होतो.

रस्ता पायी चालणाऱ्याला दिला तर काय घडते, याचा नमुना पुण्याने पाहिलेला आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका ‘पादचारी दिन’ पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. एरवी अंग चोरून चालावे लागणाऱ्या त्या रस्त्याच्या मधोमध लोक निवांत फिरतात. मंडई ते संग्रहालय एवढ्या पट्ट्यात नुसते मोकळे पदपथ आणि चार ठळक पाट्या असल्या तरी बरेच काम होईल.

गणेशोत्सवात जावे का?

कसब्याचा गणपती, तुळशीबाग, दगडूशेठ आणि अखिल मंडई मंडळ ही सर्व ठिकाणे याच परिसरात आहेत. उत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळपासून मध्यवर्ती रस्ते वाहनांसाठी बंद केले जातात, बसचे मार्ग बदलतात आणि मंडई स्थानकावर प्रचंड गर्दी उसळते. केवळ संग्रहालय पाहायचे असेल तर हे दिवस टाळावेत. जायचेच असेल तर सकाळी मेट्रोने जावे आणि दुपारपर्यंत बाहेर पडावे. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी तिकडे फिरकू नये. इतर वेळीही संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचे दिवस निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत.

पायी जोडून पाहता येण्यासारखे

वेळ असेल तर मंडईऐवजी कसबा पेठ स्थानकावर उतरावे. तेथून लाल महाल, शनिवारवाडा, दगडूशेठ गणपती, विश्रामबागवाडा आणि शनिपार अशी वाट धरून संग्रहालय गाठता येते. शनिवारवाड्यापासून संग्रहालय सुमारे सव्वा किलोमीटर आहे. मध्ये चहा-नाश्त्याला अगणित जागा आहेत. परतताना मंडईहून मेट्रो पकडावी. एका स्थानकावर चढायचे आणि दुसऱ्यावर उतरायचे ही मोकळीक गाडी घेऊन आलेल्याला नसते. त्याला जिथे गाडी लावली तिथेच परत यावे लागते.

पुढे काय?

अडीच हजार वस्तू मांडलेल्या आणि बाकीच्या बासनात, ही स्थिती कायम राहू शकत नाही. म्हणूनच बावधन येथे मोठ्या जागेत संग्रहालयाचा विस्तार करण्याची कल्पना अनेक वर्षांपासून चर्चेत आहे. जागा मिळाली तर बंद कपाटांतील वस्तू लोकांसमोर येतील आणि वाहनतळही होईल. पण बावधन शहराच्या पश्चिम कडेला, चांदणी चौकाच्या बाजूला आहे. शुक्रवार पेठेत स्वारगेटला उतरलेला शेतकरी, मंडईत खरेदीला आलेली गृहिणी किंवा सायकलवरचा विद्यार्थी वाट वाकडी न करता संग्रहालयात डोकावू शकतो. चांदणी चौकात ते तितके सोपे नाही.

वनाज ते चांदणी चौक या मेट्रोच्या विस्ताराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. तो पूर्ण झाल्यावर हे अंतर बरेच कमी होईल. तरी चांदणी चौकाच्या स्थानकापासून दारापर्यंतचा शेवटचा टप्पा कसा असेल, हा प्रश्न तेथेही राहीलच. केळकरांनी सामान्य घरांतून गोळा केलेल्या वस्तू सामान्य माणसाला बस-मेट्रोने येऊन पाहता याव्यात, ही नव्या जागेची पहिली अट असायला हवी. सध्या शुक्रवार पेठेतली जागा ती अट पूर्ण करते. त्यासाठी फक्त गाडी घरी ठेवून निघावे लागते.

थोडक्यात

जवळचे मेट्रो स्थानक: मंडई (जांभळी मार्गिका), पायी साधारण दहा मिनिटे.

मार्गिका बदलण्याचे ठिकाण: जिल्हा न्यायालय.

बस: स्वारगेटकडे जाणारी शिवाजी रस्त्याने, स्वारगेटहून येणारी बाजीराव रस्त्याने. परतीचा थांबा शेजारच्या रस्त्यावर.

रेल्वे: लोकलने शिवाजीनगर, इतर गाड्यांनी पुणे स्थानक. पुढे मेट्रो.

एसटी: स्वारगेटहून एक स्थानक. वाकडेवाडीहून आधी शिवाजीनगर मेट्रोपर्यंत.

सायकल: एकेरी रस्त्यांची दिशा पाहून यावे, कुलूप न्यावे, रविवारची सकाळ उत्तम.

मोटार: शक्यतो नको.